आधी मूल कुठे अडतंय ते बघा, मग मोबाइल काढा

प्रशिक्षणाच्या दिवशी चहाच्या सुटीत शिक्षक मंडळी एकमेकांना हमखास विचारतात, ‘नवीन ॲप कोणतं चांगलं आहे हो?’ बावड्यापासून सराटीपर्यंत, इंदापुरापासून बारामतीपर्यंत कुठल्याही केंद्रात जा, प्रश्न हाच. उत्तरादाखल चार-पाच नावं मिळतात, ती मोबाइलवर उतरवली जातात, आठवडाभर वर्गात वापरून होतात आणि मग फोनमधली जागा भरली म्हणून काढून टाकली जातात. पुढच्या प्रशिक्षणात पुन्हा तोच प्रश्न.

फळा आणि खडू हातात पक्का बसलाय, पण वर्गात तंत्रज्ञान आणायचं म्हटलं की सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशा शिक्षकांसाठी हे लिहितोय. आपल्याला संगणकातलं किती कळतं, याची चिंता सोडा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता येतो ना, मग सुरुवातीला तेवढं पुरे. ॲपचा प्रश्न मात्र थोडा बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: गेल्या महिन्यात माझ्या वर्गातली मुलं नेमकी कशाला अडली? हातच्याची वजाबाकी? जोडाक्षरं? क्षेत्रफळ आणि परिमितीतला गोंधळ? अशी एक जागा पकडा. तंत्रज्ञान त्या जागेसाठी शोधायचं आहे.

भीमेपलीकडचा धडा

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण इथून फार लांब नाही. इंदापूर तालुक्याची हद्द सोडून भीमा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं. बक्षिसाची रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बातम्यांमध्ये गाजले ते पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. त्यामुळे बऱ्याच शिक्षकांच्या मनात पक्कं बसलं की डिसले सरांनी क्यूआर कोड आणले म्हणून त्यांना बक्षीस मिळालं.

गोष्ट खरी तर त्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. 2009 मध्ये ते त्या शाळेत गेले तेव्हा पडक्या इमारतीच्या एका बाजूला गोठा होता. तिथल्या मुलींची घरची भाषा वेगळी, पुस्तकाची वेगळी. मुलींना पुस्तक कळतच नव्हतं, ही तिथली अडचण. त्यावर त्यांनी आधी मुलींची भाषा शिकून घेतली, मजकूर त्या भाषेत आणला, आणि मग ऐकण्यासारख्या कविता, पाठ, स्वाध्याय मुलींपर्यंत पोहोचवायला पुस्तकावर क्यूआर कोड डकवले. चौकोनी काळा ठिपका या सगळ्याच्या शेवटी आला. पुढे 2017 मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घेतले, त्याच वर्षी 5 सप्टेंबरला ‘दीक्षा’ची सुरुवात झाली, आणि आज बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड छापलेले असतात. कोड आता प्रत्येक शाळेत आहेत. मुलांची भाषा शिकून घेण्याचं काम मात्र प्रत्येक शिक्षकाला आपापल्या वर्गापुरतं नव्यानेच करावं लागतं, ते छापून येत नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावातल्या छोट्याशा शाळेत झाला होता. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचं कौतुक तेव्हा वर्तमानपत्रांतून भरभरून आलं. याच योजनेखाली पेरू देशाने खेड्यापाड्यांतल्या शाळांना मोठ्या संख्येने लॅपटॉप वाटले आणि तिथे तीनशेहून अधिक शाळांमध्ये पद्धतशीर मोजणी झाली. 2012 मध्ये निष्कर्ष आला: मुलांना लॅपटॉप चालवता येऊ लागला, पण गणित आणि भाषेत म्हणावा असा फरक पडला नाही. दिल्लीत मात्र माइंडस्पार्क नावाच्या कार्यक्रमावर झालेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांतच गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती दिसली. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येक मुलाला त्याच्या इयत्तेचा धडा न देता, ते ज्या पातळीवर आहे तिथून पुढचं काम दिलं जात होतं. सातवीतलं मूल चौथीच्या गणितावर असेल तर चौथीचं गणित. मोजून झालेल्या या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या की दुकानदाराने दाखवलेल्या कुठल्याही चकचकीत सॉफ्टवेअरला काय विचारायचं ते आपोआप कळतं.

पहिले तीन महिने वर्गात काहीच नेऊ नका

हा सल्ला काहींना विचित्र वाटेल. पण तंत्रज्ञान आधी स्वतःच्या टेबलावर वापरायला शिका. ई-बालभारतीवरून आपल्या इयत्तेची पुस्तकं उतरवून घ्या. दीक्षावर आपल्या एका पाठाचं साहित्य पूर्ण पाहा, अगदी कंटाळवाणं असलं तरी, आणि त्यातलं कुठलं दोन मिनिटांचं दाखवण्याजोगं आहे याची वेळेसकट नोंद करा. ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीत चित्रगोष्टी मोफत आहेत, उतरवून छापता येतात. त्यातल्या दहा निवडा. चाचणीचे गुण एक्सेलमध्ये भरा, पण विद्यार्थीवार बेरीज करून थांबू नका, प्रश्नवार बेरीज करा. पाचव्या प्रश्नाला पस्तीसपैकी अठ्ठावीस मुलं चुकली असतील तर तो घटक तुम्हालाच पुन्हा शिकवायचा आहे, मुलांना रागावून उपयोग नाही. माझ्या मते शिक्षकाच्या हाती आलेलं सगळ्यात उपयोगी तंत्रज्ञान हे प्रश्नवार बेरजेचं आहे, आणि त्याला इंटरनेटसुद्धा लागत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलंय. हे तास बहुतेकांचे चित्रफिती चालू ठेवून प्रमाणपत्र मिळवण्यात जातात, हे उघड गुपित आहे. त्यातले दहा तास जरी या टेबलावरच्या कामाला दिले तरी वर्गात गेल्यावर तारांबळ उडणार नाही. ‘सर, आवाज येत नाही’ म्हणून चाळीस मुलं ओरडताहेत आणि आपण वायर शोधतोय, असं दोनदा झालं की चांगला शिक्षकसुद्धा टीव्ही कपाटात बंद करून टाकतो.

एक तास जवळून बघू: गुंठ्याचं गणित

सहावी-सातवीतल्या मुलांना क्षेत्रफळ शिकवताना फळ्यावर आयत काढला जातो, लांबी गुणिले रुंदी सांगितली जाते, दहा उदाहरणं सोडवली जातात. मुलांना सूत्र पाठ होतं. पण ‘एक गुंठा म्हणजे केवढी जागा?’ असं विचारलं तर ज्यांच्या घरी ऊस आहे तीही मुलं गप्प बसतात. बावड्याच्या परिसरात दिवसाला शंभर वेळा गुंठा, एकर हे शब्द कानावर पडतात, तिथे हे व्हावं याची गंमत वाटते.

हा पाठ असा घेऊन बघा. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. जुन्या मोजणीतली साखळी 33 फुटांची असायची, तिच्यावरचा चौरस म्हणजे गुंठा. असे 40 गुंठे झाले की एकर. पहिल्या दिवशी मोबाइल काढायचाच नाही. शाळेच्या मैदानावर टेपने मापून, दोरी आणि फक्कीने एक गुंठा आखायचा. सगळ्या वर्गाला आत उभं करायचं. किती मुलं मावतात? मुलं याला खेळ समजतात, समजू द्या.

दुसऱ्या दिवशी पूर्ण मैदान मोजायचं, तीन गटांनी तीन पद्धतींनी. एक गट टेप घेऊन. मैदान वेडंवाकडं असेल तर त्याचे त्रिकोण पाडून. दुसरा गट तुमचा फोन घेऊन गुगल अर्थवर उपग्रहाच्या चित्रात मैदानाचे कोपरे दाबून क्षेत्रफळ काढेल. तिसरा गट क्षेत्रफळ मोजणारं जीपीएसचं ॲप चालू करून मैदानाच्या कडेने चालत एक फेरी मारेल. दोन फोन पुरतात, एकच असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाने आळीपाळीने वापरावा. फोन मुलांच्या हातात, तुमच्या नाही. तुम्ही नुसतं बघायचं.

वर्गात आल्यावर तिन्ही आकडे फळ्यावर लिहा. ते जुळणार नाहीत. खरा पाठ इथून सुरू होतो. खरं माप कोणाचं? का? जीपीएसचा फोन मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साधारण पाच मीटरपर्यंत चुकू शकतो. आता मुलांना हिशेब करू द्या. गुंठ्याची बाजू जवळपास 10 मीटर. प्रत्येक बाजू 3 मीटरने जास्त आली तर क्षेत्रफळ दीडपटीहूनही जास्त भरतं. तेच एकराचा चौरस घेतला तर त्याची बाजू 63 मीटरच्या पुढे. तिथे तीच 3 मीटरची चूक क्षेत्रफळात दहा टक्क्यांच्या आसपास फरक करते. म्हणजे मोठं रान मोजायला फोन ठीक, घराची जागा मोजायला टेपच हवी. हे मुलांनी स्वतः काढलं की पुढे आयुष्यात कुणी मोबाइलवरचं माप तोंडावर फेकलं तर ती हिशेब मागतील. सूत्र पाठ करून हे हाती लागलं नसतं, आणि नुसती चित्रफीत दाखवूनही नाही.

इथे एक जपायचं. ‘आपापल्या रानाचं माप घेऊन या’ असा गृहपाठ देऊ नका. वर्गात भूमिहीन कुटुंबांतली मुलं असतात, ऊसतोड टोळीबरोबर आलेली असतात, वाटणीवरून घरात भांडणं चालू असलेली असतात. सातबारा आता ऑनलाइन मिळतो म्हणून तो वर्गात उघडण्याचा मोहही टाळावा. शाळेचं मैदान, देवळाचं आवार, बाजारतळ, एवढी जागा पुरते.

वाचनासाठी फोनचा कॅमेरा नको, माइक हवा

दुसरीत, दुसरीतच कशाला, पाचवीतसुद्धा वाचन अडलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी फोनमधलं सगळ्यात साधं बटण वापरा, ते म्हणजे आवाज रेकॉर्ड करायचं. रोज सहा मुलं, प्रत्येकी एक मिनिट. तीस मुलांचा वर्ग पाच दिवसांत होतो. मूल परिच्छेद वाचतं, तुम्ही रेकॉर्ड करता, लगेच त्यालाच ऐकवता. स्वतःचा आवाज ऐकताना मूल आपली चूक आपणच पकडतं, तुम्हाला बोट ठेवावं लागत नाही. फाइलला नाव न देता हजेरी क्रमांक आणि तारीख द्या. दोन महिन्यांनी तोच परिच्छेद पुन्हा वाचून घ्या आणि दोन्ही आवाज मुलाला आणि त्याच्या आईला ऐकवा. पालकसभेत टक्केवारी ऐकून मान हलवणारे पालक, हे ऐकल्यावर बोलू लागतात.

गुगलचं ‘रीड अलाँग’ हे ॲप मराठीत चालतं, मूल मोठ्याने वाचतं तेव्हा ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. गोष्टी आधी उतरवून ठेवल्या तर नेटशिवायही चालतं. घरी सरावाला ते बरं. पण आपल्या भागातल्या मुलांचे उच्चार त्याला नेहमी कळतीलच असं नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला यंत्राने चूक ठरवावं आणि शिक्षकाने त्यावर मान डोलवावी, हे बरोबर नाही. प्रमाण उच्चार शिकवा, जरूर शिकवा, पण वाचता येणं आणि उच्चार या दोन गोष्टी वेगळ्या मोजा.

गाळपाच्या हंगामातली मुलं

नीरा-भीमेच्या या पट्ट्यात दिवाळी झाली की कारखाने पेटतात आणि अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुलंही. कुणी शिक्षण हमी कार्ड घेऊन येतं, कुणी तेही नाही. चार-पाच महिन्यांनी ती परत जातात. या मुलांच्या बाबतीत तंत्रज्ञानाचं काम एकच आहे, ते म्हणजे धागा तुटू न देणं. मूल तुमच्या वर्गात आलं की पहिल्या आठवड्यात त्याच्या मूळ शाळेच्या शिक्षकाला फोन लावा. मूल कुठपर्यंत आलंय ते विचारा, त्याच्या वहीची दोन पानं मागवून घ्या. परत जाताना तुम्ही तेच करा: तीन-चार फोटो, एक वाचनाचं रेकॉर्डिंग, दोन ओळी. दहा मिनिटांचं काम आहे. सरकारी पोर्टलवर नोंद होते ती वेगळी. त्या नोंदीतून पुढच्या शिक्षकाला मूल कळत नाही.

यातली काही मुलं घरी गोरमाटी बोलतात. वर्गातल्या वस्तूंची नावं त्यांच्याकडून त्यांच्या भाषेत रेकॉर्ड करून घ्या आणि बाकीच्या वर्गाला ऐकवा. परितेवाडीतून शिकायचं असेल तर एवढं तरी आपल्याला करता येईल.

जे हातात धरता येतं ते पडद्यावर कशाला?

बी रुजताना दाखवायला यूट्यूब लावणारे वर्ग आहेत. चहूबाजूंनी शेती, मुलांच्या घरी मटकीला मोड येतात, आणि वर्गात परदेशातल्या घेवड्याची चित्रफीत! मटकी वाटीत भिजवा. फोन वापरायचाच तर तो स्टँडवर लावून मुलांना दर तासाला एक फोटो काढू द्या आणि दोन दिवसांचे फोटो जोडून चित्रफीत करा. विजेचा परिपथ शिकवताना आधी खरा सेल, खरा बल्ब, खरी तार. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून करायची शेकडो खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ एवढ्याच सामानात होणारी. पडदा राखून ठेवा तो डोळ्यांना दिसत नाही अशा गोष्टींसाठी: अणू-रेणू, ग्रहणात सूर्य-चंद्र-पृथ्वीची जागा, तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन. कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ ही आभासी प्रयोगशाळा याच कामाला चांगली आहे, तिच्यातले बरेच प्रयोग मराठीतही मिळतात. आणि जे लांब आहे त्यासाठीही पडदा ठीक. पण उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. इंदापूर तालुक्यातल्या मुलांना ते टीव्हीवर दाखवणं म्हणजे कमालच. सहल काढा.

या भागातला सर्वांत मोठा चालता-बोलता अभ्यासक्रम तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांत दारावरून जातो. संत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूरहून बावड्यावरून सराटीच्या मुक्कामाला जाते, सराटीला नीरास्नान होतं आणि मग अकलूजकडे सोलापूर जिल्ह्यात. सहावी-सातवीच्या मुलांना पाच-पाचच्या गटात एक-एक प्रश्न द्या: कुठून आलात, कितवी वारी, घरी पेरणी झाली का, पायाला काय लावता. प्रत्येक गटाने विचारून, परवानगी घेऊन, दोन-तीन वारकऱ्यांचा आवाज रेकॉर्ड करावा. परत येऊन तो लिहून काढावा, गावांची नावं नकाशावर टिपावीत. भाषा, भूगोल, इतिहास यांचे तास वेगळे काढायची गरजच राहत नाही. ऐकून लिहून काढणं हे दिसतं त्यापेक्षा कष्टाचं काम आहे, आणि शुद्धलेखन त्यातून जेवढं सुधारतं तेवढं श्रुतलेखनातून सुधारत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सामानाचं थोडक्यात

टीव्ही घेण्याआधी वायरिंग आणि अर्थिंग तपासा. लोकवर्गणीतून मिळालेला पैसा सगळा यंत्रात घालू नका, दुरुस्तीसाठी थोडा बाजूला काढून ग्रामसभेत तसं सांगून ठेवा. साहित्य घरून पेनड्राइव्हवर घेऊन या, वर्गात नेटच्या भरवशावर राहू नका. वीज जाणार हे गृहीत धरून पाठ आखा. एक चांगला स्पीकर हा दुसऱ्या टीव्हीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. टाळेबंदीच्या काळात पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर नुसत्या स्पीकरवर पाठ ऐकवून शाळा चालवली गेली, आणि सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथेही पोहोचली.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय करायचं?

हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या मदतीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला घेतली. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जानेवारी 2025 मध्ये त्याचा जाहीर उल्लेख केला. उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर, हवामान केंद्र यांची माहिती एकत्र करून पाणी किती, खत कधी ते शेतकऱ्याला फोनवर सांगायचं, अशी ती पद्धत. बारामतीला सहल नेत असाल तर हे मुलांना दाखवा आणि विचारायला लावा: यंत्राला हे कळलं कसं? चुकलं तर कळतं कसं?

वर्गासाठी मात्र सध्या हे साधन शिक्षकाच्याच हातात असावं. अशा बहुतेक सेवा लहान मुलांसाठी नाहीतच. तुमच्या उपयोगाचं काम सांगतो: दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला एकाच विषयावर तीन पातळ्यांचे उतारे लागतात. उजनी धरणावर पाच ओळींचा सोपा, दहा ओळींचा मध्यम आणि पंधरा ओळींचा अवघड उतारा मागा, खाली प्रश्न मागा. काही मिनिटांत मिळतात. मग लाल पेन घेऊन बसा. मराठी अवघडलेली असेल, ती मोकळी करा. आकडे, वर्षं, नद्यांची नावं एक-एक तपासा, कारण यंत्र चुकीची गोष्टही त्याच ठामपणाने सांगतं. आठवी-नववीला याचाच पाठ करता येतो. ‘बावडा गावाची माहिती लिही’ असं त्याला सांगून आलेला मजकूर छापा आणि मुलांना गावात हिंडून, म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यातल्या चुका शोधायला लावा. चूक शोधणाऱ्याला गुण. मुलांची नावं, आजारपण, घरची परिस्थिती यातलं काहीही अशा सेवेत टाकू नका.

फोटोचा सोस आवरा

दर उपक्रमाचा फोटो काढून गटावर टाकायची सवय आपल्याला वरून लागली, हे खरं. ‘आजच्या उपक्रमाचे फोटो व लिंक पाच वाजेपर्यंत’ असा निरोप आला की शिक्षक शिकवायचं सोडून फोटो काढतो. त्यावर इथे काय लिहायचं! पण आपल्या हातात आहे तेवढं करूया. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट आहे. जून महिन्यात पालकांची लेखी संमती घेऊन ठेवा, ती समजावून सांगून. चेहऱ्यांऐवजी वहीचे, हातांचे, कामाचे फोटो काढा. रडणारं, फाटक्या कपड्यांतलं, गणवेश वाटपात हात पुढे केलेलं मूल फोटोत कधीही नको. विद्यार्थ्यांच्या फोन नंबरांचा गट बनवू नका, पालकांचा बनवा, आणि त्यात फक्त तुम्हाला लिहिता येईल अशी सोय लावा. नाहीतर गृहपाठाखाली शुभ सकाळचे गुलाब येतात.

घरी फोन आहे म्हणजे मूल त्यावर शिकतंच, असंही धरून चालू नका. ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण भागातल्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरलेली मुलं 57 टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. फोन नेमका कोणाच्या हातात असतो हेही विचारा. बऱ्याच घरांत तो दिवसभर वडिलांबरोबर रानात जातो आणि संध्याकाळी आधी भावाला मिळतो. गृहपाठ असा द्या की फोन नसलेल्या मुलीलाही तो पूर्ण करता यावा.

एकट्याने करू नका

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यावर संदीप गुंड यांनी डिजिटल शाळा उभी केली, ती पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. पाहून आलेल्यांपैकी काहींनी आपल्या शाळेचं रूप बदललं, काहींनी फक्त तशीच यंत्रं घेतली. हा फरक का पडला याचं माझ्यापुरतं उत्तर असं: ज्यांनी जोडीदार धरला त्यांचं टिकलं. शेजारच्या शाळेतला एक शिक्षक किंवा शिक्षिका जोडीला घ्या. महिन्यातून एकदा त्यांचा तंत्रज्ञान वापरलेला एक तास तुम्ही मागे बसून बघा, तुमचा त्यांनी. बघताना शिक्षकाकडे बघायचं नाही, मागच्या बाकावरच्या तीन मुलांकडे बघायचं. ती काय करताहेत? पडदा चालू असताना त्यांच्या वहीत काय उतरलं? नंतर दहा मिनिटं बोलायचं, कौतुक कमी आणि नेमकं जास्त.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत यशोगाथा फार होतात. पुढच्या परिषदेत केंद्रप्रमुखांना विनंती करून पंधरा मिनिटं मागून घ्या आणि न जमलेला एक पाठ मांडा. टीव्ही लावला पण मुलं कंटाळली, असा. बाकीच्यांना विचारा, तुम्ही काय केलं असतं? ‘तंत्रस्नेही’ म्हणून ज्यांचा सत्कार झाला आहे त्यांनी हे आधी करावं, म्हणजे नव्या मंडळींना धीर येईल. निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिलेल्या गुरुजींना आणि बाईंना यात मागे ठेवू नका. मूल नेमकं कुठे अडतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तरुण शिक्षकाला फोन वापरता येतो, त्यांना मूल कळतं, ही जोडी लावून द्या.

दिवाळीची सुटी संपून दुसरं सत्र सुरू होईल तेव्हा तुमच्या वर्गातली एकच अडलेली जागा निवडा आणि वहीत लिहून ठेवा. साधन कोणतं ते त्याखाली, शेवटी लिहा. फोन न वापरता ती अडचण सुटली तर फारच छान, तसंही परिषदेत येऊन सांगा.